पहिल्या बॅटीवरचं डांबर

अल् घुब्रा, मस्कत
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. जयवंतदादा यांना,

उत्तमचा वाकून नमस्कार. आपली तब्येत, वहिनींचा गुडघा आणि मिरकरवाड्याच्या किनाऱ्यावर गेल्या वर्षापासून अर्धी उभी असलेली ती मोठी होडी, तिन्ही थोडीफार पुढे सरकली असतील अशी आशा करतो. (होडीबद्दल खोचून लिहिलेलं नाही. गुडघ्याबद्दलही नाही.) इकडचं विचाराल तर प्रभावती ठणठणीत आहे, यशश्री बारावीच्या अभ्यासात बुडालेली आहे असं ती स्वतः सांगते, आणि मी आहे. मी आहे, एवढंच लिहितो. परवापर्यंत मी एका बऱ्या कंपनीतला बरा माणूस होतो. दहा-बारा दिवसांनी आमचे मालक खल्फान साहेब सलालाहून परत येतील, त्यानंतर मी कोण असेन ते त्यांनाच ठाऊक. आपल्याला वाटेल, पत्र कशाला, फोन का नाही केला. दादा, आमच्या घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आपल्या भगिनीचा अंगठा चालतो, आणि जे सांगायचंय ते तिच्याच पराक्रमाबद्दल आहे. म्हणून कागद. रुवीचे शरीफभाई आज संध्याकाळच्या विमानाने भाचीच्या लग्नाला निघालेत, त्यांच्या हाती देतोय. (शरीफभाई म्हणजे मूळचे आपल्या राजिवड्याचे, इथे पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे ते. ते वाचणार नाहीत. वाचलं तरी कोणाला सांगणार नाहीत. सांगितलं तरी आता झाकायचं असं राहिलंय काय!)

माझी नोकरी आपल्याला माहीत आहे. सोहारहून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या येतात, आमच्या शेडमध्ये त्यांना रंग चढतो, त्यांच्या खिडक्या-दारं होतात, आणि रंगाला कुठे फोड आला, कुठे ओरखडा राहिला हे बघून माल परत पाठवणारा माणूस मी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरल्यामुळे माझा स्वभाव असा किरकिरा झाला, असं प्रभावतीचं म्हणणं. (माझी आई म्हणायची की तो आधीपासूनच तसा होता, नोकरी मागाहून जुळली.) तर ह्या नजरेनेच माझा घात केला. मागे एका ईदला साहेबांनी सगळ्या स्टाफला घरी बोलावलं. खजूर झाला, हलवा झाला, कॉफी झाली. लोक गुपचूप खात होते, तसं मीही खायला हवं होतं. पण समोरच्या भिंतीवर काचेच्या कपाटात बॅटी होत्या. क्रिकेटच्या नव्हे, त्या गोल, मुसळासारख्या, अमेरिकन बेसबॉलच्या. साहेब तरुणपणी अमेरिकेत ओहायो म्हणून राज्य आहे तिथे इंजिनियरिंग शिकले, तिथून हे वेड घेऊन आले. प्रत्यक्ष सामन्यात कोणीतरी खेळलेल्या बॅटी जमवतात. नवी, स्वच्छ बॅट दिली तर नाक मुरडतात. मी तोंड उघडलं. म्हटलं, सर, ह्या दोन बॅटींवरचा शिक्का सारखा नाही, एकात दोन शब्दांच्या मध्ये टिंब आहे, दुसरीत नाही. चौकटीवरचा फोड दाखवतो तसं सहज दाखवलं. साहेब उठले, चष्मा आणला, टिंब बघितलं, टिंब नसलेली जागा बघितली, आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. त्या मिठीत माझं वाटोळं झालं.

तेव्हापासून खिडक्या-दारं गेली वाऱ्यावर. रोज सकाळी शेडमध्ये फोन येतो, यल्ला उत्तम, म्हणजे चल लवकर, आणि उत्तम आपला भिंग घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये. आपल्याला होड्यांचं लाकूड कळतं म्हणून थोडं समजावून सांगतो. ह्या बॅटींवर कारखान्याचा शिक्का लोखंड तापवून उठवलेला असतो. बाहेर लांबट गोल, आत कारखान्याचं नाव, खाली गावाचं नाव, त्याखाली आकडा. कारखान्याने वर्षानुवर्षं त्यात बारीकसारीक बदल केले. कधी टिंब घातलं, कधी काढलं, कधी गोलाची रेघ दुहेरी केली, कधी अक्षरं एवढीशी जाड. कोणी सांगितलं होतं त्यांना? पण केले. आता टिंब आहे म्हणजे बॅट अमुक काळातली, टिंब नाही म्हणजे तमुक काळातली, आणि जर कोणी म्हणत असेल की ही बॅट अमक्याने तमक्या साली चालवली, तर शिक्का त्या सालाचा हवा, नाहीतर म्हणणारा थापाड्या. ह्यावर अमेरिकेत जाडजूड पुस्तकं आहेत आणि ती मी, उत्तम खडपकर, संध्याकाळी चहाबरोबर वाचतो. यशश्री मैत्रिणींना सांगते की बाबा ‘पार्ट टाइम काहीतरी’ शिकतायत. (तिचं मराठी असं आहे. ‘बाबा, तू डोकं खाल्लं गेलास का?’ असं तिने मला परवा विचारलं. चुकीचं असलं तरी अर्थ बरोबर लागतो.) शिवाय बॅट धरताना शिक्का आकाशाकडे हवा, म्हणजे चेंडू लाकडाच्या मजबूत बाजूला लागतो. हे इतकं अंगात भिनलंय की एकदा पोळ्या लाटताना मी प्रभावतीला म्हणालो, लाटणं फिरव, शिक्का खाली गेलाय. त्यावर ती जे बोलली ते आपल्या घराण्याला शोभणारं नव्हतं.

आणि मळ! दादा, जन्मभर मी डाग शोधून माल परत पाठवला. इथे उलटं. चेंडूच्या शिवणीचा लाकडावर उमटलेला ठसा, बुटाचे खिळे झटकताना पडलेल्या खुणा, घामाचे काळे पट्टे, हे सगळं म्हणजे पुरावा. सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे डांबर. मूठ हातातून सुटू नये म्हणून ते लोक बॅटीला पाइनच्या झाडाचं चिकट काळं डांबर चोपडतात. नियमाप्रमाणे ते मुठीच्या टोकापासून अठरा इंचांच्या वर जाता कामा नये. साहेबांची जी सगळ्यात पहिली बॅट आहे, तिच्यावर ते अठरा सोडून पार वर चढलंय, शिक्का अख्खा बुडालाय त्यात. साहेब अभिमानाने सांगतात की हा खेळाडू कोणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता.

ह्या पहिल्या बॅटीबद्दल सांगायलाच हवं, कारण माझं जे काही व्हायचंय ते तिच्यापायी. साहेब ओहायोला पोचले तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. जन्मात पहिल्यांदा बर्फ पाहिला. कुठलं मांस चालेल, कुठलं नाही, कोणाला विचारायची लाज, म्हणून कित्येक दिवस नुसत्या ब्रेडवर राहिले. ज्याच्या घरात खोली घेतली होती तो वॉल्टर म्हणून म्हातारा होता, एकटाच, कुठल्याशा गिरणीतून निवृत्त झालेला. त्याच्या ते लक्षात आलं. तो रोज सकाळी दोन उकडलेली अंडी यांच्या दाराशी ठेवायला लागला. पुढे स्वयंपाकघराच्या टेबलावर मिठाची डबी आणि मिरपुडीची डबी मांडून त्याने यांना बेसबॉल शिकवला, रविवारी गावच्या मैदानावर सामन्याला नेलं. शिक्षण संपवून हे परत निघाले तेव्हा त्याने ही बॅट हातात ठेवली. सांगितलं, आपल्या गावच्या संघातल्या त्या डावखुऱ्याची आहे, खऱ्या सामन्यातली. नंतर म्हातारा वारला. दादा, आमचे साहेब साठीला आलेत, अंगाने भरभक्कम, आणि आवाज असा की शेडमधली मशीन बंद पडली तरी कोणाला कळत नाही. पण ही बॅट हातात घेतली की हळू बोलतात. मी एकदा म्हणालो, सर, जरासं थिनर लावून डांबराखालचा शिक्का बघू का, कोणतं साल ते कळेल. एका वाक्यात मला गप्प केलं. म्हणाले, बाकीच्यांचा बघ, हिचा राहू दे.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. (अजून आलो नव्हतो हे आपल्या लक्षात आलंच असेल. मुद्दाम रेंगाळत होतो, हात धजत नाही.) साहेबांच्या बैठकीच्या खोलीला रंग काढायचा ठरला. रंगाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही, माझ्यावर आहे. होता. म्हणून कपाटातल्या निवडक पाच बॅटी चादरीत गुंडाळून त्यांनी माझ्या घरी ठेवायला दिल्या, त्यात पहिलीसुद्धा, आणि स्वतः सलालाला बहिणीकडे गेले. जाताना म्हणाले, उत्तम, तुझ्या घरी माझा जीव आहे. मी म्हणालो, सर, डोळ्यात तेल घालून बघेन. तेलाचं नाव मी काढायला नको होतं. ते प्रभावतीने घातलं, आणि बॅटीवर घातलं.

खंडेनवमी होती बुधवारी. आमची इथे सुट्टी नसते. मी नेहमीप्रमाणे कामाला गेलो. दरवर्षी प्रभावती ह्या दिवशी माझी जाडी मोजायची कॅलिपर आणि लॅपटॉप पाटावर ठेवून पूजा करते, ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा फूल वाहायचं म्हणून. यंदा तिने विचार केला. (हेच तिने करायला नको होतं.) कॅलिपर कधीपासून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, लॅपटॉपवर यशश्री मालिका बघते, आणि नवरा बघावं तेव्हा भिंग घेऊन बॅटींना चिकटलेला. म्हणजे ह्याची हत्यारं आता ही! सकाळी दार्सैतच्या देवळाजवळून झेंडू आणले, आंब्याचे टहाळे मिळाले नाहीत म्हणून कढीपत्त्याची डहाळी बांधली, पाट मांडला, चादर सोडली. चार बॅटी तिला बऱ्या वाटल्या, ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. पाचवी बघितली आणि तिच्यातली आपली बहीण जागी झाली. होडी बांधणाऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला डांबर कसं काढतात हे कोणी सांगावं लागत नाही. आधी खोबरेल चोळून तासभर उन्हात, गच्चीवर. फुगून आलं की फडक्याने खेचून पुसायचं. मग रॉकेल. रॉकेल इथे मिळत नाही, म्हणून यशश्रीची नखांचा रंग काढायची अख्खी बाटली. शेवटी भांड्यांचा साबण आणि काथ्या. संध्याकाळी मी दार उघडतो तर पाटावर पाच बॅटी ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला फूल, प्रत्येकीला हळद-कुंकू, आणि मधोमध साहेबांचा जीव, लख्ख, पिवळाधमक, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. शिक्क्यावर नेमकं कुंकवाचं बोट. ती हसतमुखाने म्हणाली, बघा, कशी होती आणि कशी झाली.

मी ओरडलो नाही. दादा, आपल्याला खोटं वाटेल, पण मी तिथेच चपला न काढता खाली बसलो. यशश्रीची परीक्षा फेब्रुवारीत, नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की शाळा अर्ध्यावर, आणि हे सगळं कशाने, तर स्वच्छतेने. प्रभावतीला मी डांबराची किंमत समजावून सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, घाणीला किंमत असते हे आधी सांगायचं, तुमचे बनियन एवढी वर्षं मी उगाच धुतले.

माणूस बुडत असला तरी सवय सुटत नाही. हात आपोआप भिंगाकडे गेला. कुंकू हलकेच पुसून मी शिक्का वाचला. परत वाचला. मूठ उलटी करून बुडाचा ठसा बघितला. त्या कारखान्याचा खेळाडूंच्या बॅटीवरचा आकडा एक असतो. दुकानात पोरासोरांसाठी विकायच्या बॅटींवर दुसरा, आणि मुठीच्या बुडाला इंचांची खूण, म्हणजे आईबापांना पोराच्या उंचीप्रमाणे निवडता यावी. साहेबांच्या पहिल्या बॅटीवर दुकानातला आकडा होता. बुडाला इंच होते. टिंब होतं ते साहेब ओहायोत असतानाच्याच काळातलं, म्हणजे हातात पडली तेव्हा अगदी नवी बॅट. कुठला डावखुरा आणि कुठला सामना! ती कधी मैदानावर गेलीच नव्हती.

पहिल्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो, लपवत नाही. वाटलं, सुटलो. साहेबांना सांगायचं, सर, बायकोने पुसली म्हणून कळलं, नाहीतर तुम्ही जन्मभर फसला असतात. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून इंग्रजीत दोनदा म्हणूनही बघितलं. तिसऱ्यांदा म्हणताना साहेब डोळ्यांसमोर आले, ती बॅट हातात घेऊन हळू बोलणारे, आणि मी नळ सोडून तोंड धुवायला लागलो. त्या माणसाला एवढ्या मोठ्या जगात एकाने अंडी दिली, आणि मी जाऊन सांगू की तो खोटारडा होता? प्रभावतीला सांगितलं तेव्हा ती भजीचं पीठ कालवत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘म्हाताऱ्याने स्वतःच फासलं असणार. पोरगं परत निघालेलं, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? खरी बॅट त्या बिचाऱ्याला कोण देणार होतं?’ आणि मला कांदा चिरायला दिला. मी चिरला. डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं होतं असं तिला वाटलं असेल तर वाटू दे.

तर अशी गत आहे. खरं सांगितलं तर मी वाचतो आणि साहेब मोडतात. नाही सांगितलं तर साहेबांचा म्हातारा शाबूत राहतो, आणि त्यांचा जीव साबणाने धुणारा माणूस म्हणून मी घरी जातो. दोन रात्री झोप नाही. आपण वडीलधारे, आपल्याला सगळं कळवलं, एवढ्यानेही थोडं हलकं वाटतंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला, कुठल्याही क्षणी कायमचा गावी येऊ शकणारा,
उत्तम

ता. क. हे सगळं लिहायचं खरं कारण म्हणजे, होड्यांना आपण जे काळं लावता, राळ-डांबराचं, त्याची एक लहान डबी शरीफभाईंबरोबर पाठवावी. ते आठवड्यात परत येतायत, साहेबांच्या आधी. नवं लावून जुनं कसं दिसेल, वर माती चोळायची की राख, हेही सविस्तर लिहावं. शिक्का पूर्ण झाकला गेला पाहिजे, अठरा इंचांची चिंता नको. (डांबर इथेही मिळेल, सूरला अजून होड्या बांधतात. पण खिडक्यांचा माणूस डांबर मागत फिरतोय ही बातमी संध्याकाळच्या आत साहेबांच्या कानावर जाईल. ह्या देशात सगळे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत.) आपण विचाराल, उत्तमराव, हे फसवणं नाही का? आहे. पण आधीच्याने फसवलं होतं तेवढंच मी परत फसवणार, वर एक थेंब जास्त नाही.

ता. क. दुसरा. शनिवार. शरीफभाईंचं विमान आज संध्याकाळवर ढकललं गेलं, पाकीट परत मागून घेतलं. डांबर पाठवू नका.

साहेब आज सकाळी आले. रंगकाम लवकर संपलं म्हणून सलालाहून लवकर निघाले आणि न कळवता, ड्रायव्हर न घेता, स्वतः बॅटी न्यायला थेट आमच्या दारात. प्रभावतीने दार उघडलं, अहलन म्हणाली, आणि आत नेलं. पाट अजून तसाच होता, फुलं सुकलेली. साहेबांनी पाचवी उचलली. शिक्क्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, दादा. डांबर होतं तिथून हात फिरवत गेले, वरून खाली, खालून वर. मी तर घाबरून सगळंच ओकलो, पूजा, खोबरेल, नखांची बाटली, आणि थांबायचं कुठे हे न कळून दुकानातला आकडासुद्धा. ते म्हणाले, माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. निरोप देताना वॉल्टरने हात मिळवला तेव्हा त्याच्या नखांत डांबर होतं, आणि विमानात यांचा शर्ट बॅटीला चिकटला, ते अजून ओलं होतं. म्हणाले, तसल्या शिक्क्याच्या बॅटी लाखभर असतील. डांबर त्याने लावलं होतं, त्याच्या हाताने, माझ्यासाठी. बॅटीवर तेवढंच खरं होतं.

आणि डोक्यावरची टोपी काढून, ती मांडीवर ठेवून ते आमच्या सोफ्यावर बसले, आणि रडले. साहेबांना ओरडताना मी रोज बघतो. हे बघवत नव्हतं. मी आजवर परत पाठवलेल्या सगळ्या मालाची मला त्या क्षणी लाज वाटली, का ते विचारू नका. मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, पुसलं ते फडकं कुठे आहे? मी म्हणालो, कचऱ्यात गेलं असणार. झालं. साहेब जिना उतरून खाली, पाठोपाठ मी. इमारतीमागच्या त्या मोठ्या कचरापेटीत पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिश्दाशातले आमचे मालक कमरेपर्यंत वाकलेले आणि मी त्यांच्या शेजारी कलिंगडाच्या साली बाजूला करतोय, असं दृश्य अल् घुब्र्याने आज पाहिलं. चारजणांनी फोटो काढले. पेटी अर्धी उपसल्यावर प्रभावती चहाचा ट्रे घेऊन गॅलरीत आली आणि वरून विचारलं की काय शोधताय. सांगितलं. म्हणाली, डांबराचं फडकं कोणी टाकतं का, एसीच्या बाजूच्या फटीत कोंबलंय, गारवा बाहेर जात होता. होडीच्या फळ्यांमध्ये कोंबतात तसं, सुरीच्या टोकाने, घट्ट. मला विचारलं का कोणी, असंही वर म्हणाली.

साहेबांनी ते स्वतः उपसून काढलं. काळं, कडक, तेलकट. नाकाशी धरलं. चहा प्यायले, प्रभावतीला शुक्रिया बहन म्हणाले, फडकं रुमालात गुंडाळलं, पाचही बॅटी घेतल्या, कुंकू आहे तसं राहू दे म्हणाले, आणि गेले. माझ्याकडे बघितलं नाही. नोकरी आहे की खलास, ह्याचा मला काहीही पत्ता नाही, आणि प्रभावती म्हणते की माणूस किती चांगला आहे, तुम्ही उगाच घाबरवलंत.

ता. क. तिसरा. शरीफभाई खाली गाडीत हॉर्न वाजवतायत, घाईत लिहितो. साहेबांचा आत्ताच मेसेज आला. कपाटात मधल्या जागी आता फडकं लागणार आहे, आणि बाकीच्या वस्तूंसारखी त्याची पूर्ण माहिती मी तयार करायची आहे, आठवड्याभरात. म्हणजे नोकरी आहे. अडचण अशी, की ते फडकं म्हणजे मे महिन्यात कोकमाच्या आगळाच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून आपण ज्यात गुंडाळून दिल्यात, ती आपली निळ्या चौकड्यांची लुंगी आहे. मी कळवलं की सर, ह्या कापडावर शिक्का नाही. उत्तर आलं, शिक्का नको, कोणाची होती ते लिही. तेव्हा आपलं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट शरीफभाईंना सांगावं, आणि ती लुंगी नेसून कोणकोणत्या होड्या बांधल्या तेही. वॉल्टरच्या नावाखाली लिहायचं आहे, तेव्हा दादा, कृपा करून ह्या वेळी खरं सांगा, ती अर्धवट होडी त्यात धरू नका.